अंगठ्याएवढी चांदी

भद्रावती
१८ मे २००३

आदरणीय बाई,

लहान भाऊ देवरावचा सविनय जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत. ऊन एवढं आहे की कुलरसुद्धा धापा टाकतो. तुझे गुडघे कसे आहेत? सिंदेवाहीच्या विहिरीचं पाणी यंदा टिकलं का? अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. पूर्वी माझं पत्र पोस्टमन झाडूभाऊ तुला वाचून दाखवायचा, आणि तुझ्याआधी साऱ्या गल्लीला माझ्या मूळव्याधीची खबर लागायची. आता तू स्वतः वाचतेस, म्हणून मनातलं लिहायची सोय झाली. (सोय झाल्यावर लिहायला नऊ वर्षं लागली, हा भाग वेगळा.) साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलीस, घरातला वावराचा कागद वाचलास, आणि तेव्हापासून या घराची पायरी चढली नाहीस. त्याबद्दल लिहायचंच आहे. पण मी भित्रा माणूस, आधी हसण्यासारखं लिहितो.

तर आपल्या नंदिनीने जपानातून एक पुडी पाठवली. जावई तिकडे नोकरीला गेल्यापासून ती कायकाय शिकते. पुडीत राखाडी मातीचा गोळा होता, भिजवलेल्या कणकेसारखा. पण ती माती नव्हे. चांदीची पिठासारखी भुकटी, पाणी आणि कसलासा चिकट पदार्थ मळून ती केलेली असते. हवा तो आकार द्यायचा, वाळवायचा, आणि विटेवर ठेवून गॅसच्या टॉर्चने भाजायचा. चिकट पदार्थ जळून जातो आणि मागे शुद्ध चांदी राहते. नंदिनीने चिठ्ठीत एवढं समजावलं होतं, बाकीचं पुडीसोबतच्या कागदात आहे म्हणाली. तो कागद जपानीत होता. (बाई, तुला सांगतो, नव्या चष्म्यातून ती अक्षरं पाहताना मला पहिल्यांदा कळलं की कागद हातात असून न वाचता येणं म्हणजे काय असतं.)

चित्रांवरून अर्थ लावत मी पंख्याखाली बसलो. तासाभराने पाहतो तर गोळ्याची पापडी झालेली. मे महिना, चंद्रपूर जिल्हा, त्यावर पंखा. मी डोक्याला हात लावला. तुझ्या भावजयीने पाण्याचा हबका मारला, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला, आणि संध्याकाळी तिंबून लोण्यासारखा करून दिला. जपान्यांनी हे चित्र काढलं होतं की नाही, देव जाणे.

आता टॉर्च. फ्रिज दुरुस्त करणारा आपला खुर्शीद त्याची टॉर्च घेऊन आला. तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं अशा फॅक्टरीत काढली जिथे गेटवर काडेपेटीसाठी झडती होते. घरातली शेगडीसुद्धा मी कधी पेटवली नाही. म्हणून मी तयारी केली. अंगणात वाळूच्या चार बादल्या, दोन पाण्याच्या. भावजयीला नायलॉनची साडी बदलून सुती नेसायला लावली. फाटकाला लाल कापड बांधलं. ते पाहून कॉलनीतली चार माणसं चौकशीला आली की देवरावभाऊ कोणत्या पक्षात गेले. खुर्शीद म्हणाला, "भाऊ, मी रोज दहा घरी आग लावतो, पन झेंडा लावून नाई लावत."

मी भावजयीच्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं आणि त्या मापाची अंगठी केली होती. खुर्शीदने ज्योत धरली. अंगठीतून धूर निघाला आणि वर इवलीशी ज्वाळा उठली. (ती उठायचीच असते, चिकट पदार्थ जळतो तेव्हा. चित्रात होती. मला ते फूल वाटलं होतं.) पण एकतीस वर्षांची सवय बाई, डोक्याला विचारत नाही. मी आख्खी वाळूची बादली उपडी केली. अंगठी, वीट आणि खुर्शीदचे बूट एकदमच दिसेनासे झाले. तुझी भावजय म्हणाली, "इतके वर्सं बारूद सांभाळली ना जी तुमी, आता वाटाण्याएवढ्या चांदीले काऊन भिऊन राह्यले?"

दुसऱ्या दिवशी बादल्या आधीच मोरीत गेल्या. वाळूतून शोधलेली अंगठी पुन्हा भाजली. पिकल्या टेंभराच्या फळासारखी नारिंगी झाली, तशी दोन मिनिटं धरली. गार झाल्यावर पाहतो तर पांढरीफटक, चुन्याची वाटावी अशी. तारेच्या ब्रशने घासायला लागलो आणि आतून चांदी उजळत आली. मला आनंद झाला, तो लपवत नाही. पण अंगठी बोटात जाईना. ही माती भाजली की दहा भागांत एक भाग आखडते. भावजय ती करंगळीत घालून फिरते आणि विचारणाऱ्याला सांगते की यांचं प्रेम जरा आखडलं आहे.

घासता घासता आणखी एक गोष्ट दिसली. अंगठीच्या आतल्या बाजूला माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या. चुकून दाबला गेला असेल. एकेक रेष स्पष्ट, कायमची. मी ती भिंगाखाली धरली आणि हात तसाच थांबला. कारण अंगठ्याच्या रेषा इतक्या जवळून मी आयुष्यात एकदाच पाहिल्या होत्या. तुझ्या. बाबा गेल्यावर, तहसिलीसमोर, निळ्या शाईत. तुझा हात मी धरला होता, कारण तुला कुठे दाबायचं ते कळत नव्हतं. तू विचारलंस, "देवा, काय लिवलं हाय यात?" मी म्हणालो, "काई नाई बाई, नाव चढवाचं हाय." ते हक्कसोडपत्र होतं. मला ते वाचता येत होतं.

पुढे तू बावन्नाव्या वर्षी पाटी घेतलीस, तो कागद वाचलास, आणि साऱ्या वर्गासमोर म्हणालीस की यापुढे मेले तरी कोणाला अंगठा देणार नाही. मला हे परक्याकडून कळलं. तू भांडायला आली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त यायची थांबलीस. मला लाज वाटते बाई. हे वाक्य मी चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं आहे.

पत्र लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा लहान भाऊ,
देवराव

ता.क. पुडी अंगठी करायला नव्हतीच. नंदिनीच्या चिठ्ठीत पहिलीच ओळ होती: "बाबा, माझ्या मुलीच्या गळ्यातल्या पदकासाठी आत्याचा अंगठा घ्या." तिची आई दवाखान्यात होती ती दोन वर्षं तू तिला वाढवलंस, ते ती विसरली नाही. तुझ्याकडे अंगठा मागायची माझी हिंमत होईना, म्हणून मी सराव करतो म्हणत माती संपवत आणली. एकच गोळी उरली आहे, सुपारीएवढी. भावजय रोज दोनदा फडकं ओलं करते. तिच्या मते आठ दिवस टिकेल.

ता.क. २. सोबत एक कागद आहे. बाबांच्या वावराचा अर्धा हिस्सा तुझ्या नावे करायचा. माझी सही झाली आहे, नोंदणीला मी सिंदेवाहीला येतो. तू अंगठा द्यायला आली नाहीस तरी कागद कागदाच्या जागी आहे. आधी स्वतः वाच. अडलं तर दुसऱ्या कोणाकडून वाचून घे, माझ्याकडून नको. मग सही कर.

ता.क. ३. आलीसच, तर आधी सांगून ठेवतो. भाजल्यावर तुझा अंगठा दहा भागांत एक भाग लहान होईल. माझ्या हातून तुझं काही कमी व्हायची ती शेवटची वेळ.