गुळगुळीत टायरांचे गाऱ्हाणे

आंबोली, १९६१

ती. आई, बाबीचे डोके तुझ्या पायांवर.

मी खुशाल आहे. ड्रायव्हर होऊन महिना झाला, गाडी अजून घाटात कोसळलेली नाही. तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

आमच्या रघुवीरशेटच्या मोटारीचे चारही टायर जुन्या वहाणांसारखे झिजलेत. "बदला" म्हटले, तर या कवडीचुंबकाने गुरवाला बोलावून चाकांपुढे नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "ह्या गाडयेचो सांभाळ कर रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" शेटचा आवाज सर्वांत मोठा.

मी दार उघडून म्हटले, "चला, बसा."

"तू हो फुडे. माका यष्टीन जावचा आसा."

एवढाच याचा देवावर विश्वास! मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि ओट्यावर जाऊन बसलो. तेव्हा कुठे टायर आले, तेही दोनच, पुढच्या चाकांना. मागे तेच गुळगुळीत.

काल वाडीला निघालो. शेट माझ्या शेजारी पुढे बसला आणि बायकोला म्हणाला, "तू मागे बस गो, थंय वारो बरो लागता."

तुझा,
बाबी