घर ज्योतीला, यकृत दवाखान्याला

मी, श्रीमती चांगुणा रामहरी गर्जे, वय अठ्ठावन्न, धंदा शेती व शेळीपालन, राहणार तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते. शुद्धीत हा शब्द मुद्दाम घातला आहे. मला यकृताचा जुना आजार आहे आणि त्यात माणसाला भ्रम होतो. मागच्या उन्हाळ्यात मी पोटच्या मुलाला ओळखले नव्हते. उद्या कोणी शंका काढू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे यकृत दारूने गेलेले नाही. मी आयुष्यात दारूला शिवले नाही. नगरच्या डॉक्टर पंकजाताईंनी सांगितले की माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायचे सोडून माझ्याच यकृतावर उलटली. तिला आवरायच्या गोळ्या घ्याव्या, तर बाहेरचे जंतू आत शिरतात. न घ्याव्या, तर यकृत जाते. माझे धाकटे दीर कारभारी यांनी मात्र वहिनी चोरून पिते असे गावभर सांगितले. सबब माझ्या दशक्रियेला त्यांनी हातात माईक घेऊ नये. वहिनी कधी प्याली नव्हती, एवढे एकच वाक्य बोलायचे असेल तर माझी हरकत नाही.

२. तिसगावातील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर मी ऊसतोडीच्या कमाईतून बांधले असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझी सून सौ. ज्योती बजरंग गर्जे हिला देत आहे. कारण लिहिणे जरूर आहे.

त्या उन्हाळ्यात, यकृत बिघडल्याने माझ्या पोटात साठलेल्या पाण्यात जंतू झाले. ताप चढला, लघवी बंद झाली, मी बेशुद्ध पडले आणि मला नगरच्या दवाखान्यात ठेवले. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले की अशा अवस्थेतून थोडेच रोगी उठतात. औषध बदलले आहे, लागू पडले तर दोन-तीन दिवसांत कळेल. कारभारी भाऊजी टेम्पो घेऊन आले. म्हाताऱ्या माणसाचा जीव आपल्या दारात जावा, असे त्यांचे म्हणणे पडले. माझा मुलगा बजरंग मान खाली घालून उभा होता. घरी नेण्याच्या कागदावर सही करायला त्याने पेन हातात घेतले, तेव्हा ज्योतीने ते काढून घेतले. कारभारी भाऊजींना ती नाना म्हणते, आणि आजवर ती त्यांच्यासमोर मान वर करून बोललेली नव्हती. ती म्हणाली, "नाना, औषध आजच बदललंय. त्याला काम तर करू द्या. आत्यांचा श्वास चालू हाय तवर मी हितनं हालनार न्हाई."

टेम्पो रिकामा परत गेला. पुढे पोटातले पाणी पुन्हा काढून तपासले, तेव्हा जंतूंचा जोर उतरला होता. मला शुद्ध आली तेव्हा ज्योती माझे पाय पुसत होती. मी तिला विचारले, "शेळ्यांना पानी दावलं का?" ती रडायला लागली. मला वाटले, शेळी मेली.

३. माझ्या हिश्शाची जिरायत जमीन मुलगा बजरंग यास. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचे वडील साखर कारखान्यावर ऊसतोड्यांच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, तापाने गेले, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. दवाखान्यातून माणूस उठून घरी येतो, हे त्याने तोवर पाहिले नव्हते. आता दर महिन्याला तोच मला मोटारसायकलवर रक्त तपासायला नेतो आणि रस्ताभर खड्डे चुकवतो.

४. शेळ्या व करडे शेजारीण लंकाबाई आघाव यांच्या सुनेला. मी आजारी असताना तिने त्यांचे केले. माझा कोयता लोहाराकडे देऊन त्याचे खुरपे करून घ्यावे. आमच्या घरातून आता ऊसतोडीला कोणी जायचे नाही.

५. पंकजाताई माझ्यासारख्या रोग्यांचे रक्त साठवून अभ्यास करतात: कोणाच्या शरीराची लढायची ताकद परत येते, कोणाची येत नाही. मी त्यांना विचारले, शेजारच्या खाटेवरची बाई गेली, मग मी कशी वाचले? त्या म्हणाल्या, "मावशी, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर तुमचं रक्त ठेवलंय."

डॉक्टर माणसाने असे सरळ सांगितलेले मला आवडले. म्हणून साठवलेले रक्त मी कायमचे त्यांच्याकडे सोडते. मृत्यूनंतर नियमांत बसेल तसे माझे यकृतही काढून त्यांना अभ्यासाला द्यावे. देह अपुरा जाळू नये असे भावकीतून कोणी म्हणेल. त्यांना सांगावे की चांगुणाने स्वतः लिहून दिले आहे. कोणाच्या तरी सुनेला डॉक्टर यापेक्षा पक्के उत्तर देऊ शकले, तर माझे यकृत कामी आले.

मात्र यासाठी कोणी घाई करू नये. पोटात पाणी धरायचे थांबले आहे, गोळ्या मी वेळेवर घेते, आणि ज्योतीला सातवा महिना आहे.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे.

ठिकाण: तिसगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: चांगुणा रामहरी गर्जे

साक्षीदार:
१. राधाकृष्ण विठोबा पालवे, रा. तिसगाव
२. रतनबाई कल्याण ससाणे, रा. तिसगाव