मर्फीचा बाक

रविवार, संध्याकाळ

आज माझ्या डाव्या मोज्यावर घोर अन्याय झाला. उजवा कोरडा ठणठणीत, आणि डाव्यात अख्खी दलदल!

दोष मर्फीचा. मर्फी म्हणजे शेजारच्या नोराबाईंचा कुत्रा. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना चालवत नाही, म्हणून मी त्याला राखीव पाणथळ माळावर नेलं. फळ्यांच्या वाटेवर, नोराबाई दम खायला बसायच्या त्या बाकापाशी तो ठाण मांडून बसला. ओढलं, विनवलं, मराठीतून शिव्या दिल्या. शेवटी घसरून माझाच डावा पाय पाण्यात. मोजा! मग मुकाट्याने बाकावर बसलो, थोडा दम खाल्ला. तेव्हा कुठे साहेब उठले.

परतलो तर नोराबाईंची मुलगी दारात. म्हणाली, "मी याला माझ्या घरी किलकेनीला नेते. इथे रोज कोण फिरवणार?"

"मी," म्हणालो. का म्हणालो?

नोराबाई आतून ओरडल्या, "अरे, तुला कुत्री आवडत नाहीत!"

"नाहीच आवडत. उद्या सहाला येतो."

त्यांनी स्कोन, म्हणजे गोडसर पाव, भरून दिलेला डबा कधीचा आमच्याकडे अडकलाय, कारण रिकामा परत कसा द्यायचा? आत्ता चकल्या भरल्या आणि गुपचूप त्यांच्या दाराशी ठेवून आलो. मोजा अजून ओलाच आहे.