पान चारवरचा नवरा

२ सप्टेंबर, रविवार

आजही आलं. पान चार, खालचा कोपरा, चौकटीत. सदराचं नाव 'लेखिकेचा नवरा' आणि खाली आमच्या ह्यांचं नाव — ठळक! मी वाचलं नाही. आजवर एकही लेख वाचलेला नाही, वाचणारही नाही. पुरवणी चहाच्या कपाखाली सारली, तर सासूबाईंनी कप उचलून पुरवणी नेली.

पाच पुस्तकं लिहिली मी. सासूबाईंनी एक उघडलं नाही. अक्षर बारीक असतं म्हणे. लेकाच्या सदराला मात्र नातीला शेजारी बसवतात. ती मोठ्यानं वाचते आणि दोघी खिदळतात. मी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवते, मोठा.

नंतर हा येऊन विचारतो, वाचलंस? मी म्हणते, हो, छान. जरा वेळ बघत राहतो माझ्याकडे, मग खाली कामाला जातो.

५ सप्टेंबर

मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हा, जूनमध्ये, पुरवणीच्या संपादकाला चहाला कोणी बोलावलं? मी! माझी कथा त्याच्याकडे कधीची धूळ खात पडलीय, म्हटलं जरा गोड बोलून बघावं. पुरवणीवाला आला, आणि नेमका हा खालच्या खोलीतून वर आला — हाताला साच्यांचं ओलं प्लास्टर तसंच. कवळ्या करतो हा. दिवसभर लोकांचे जबडे मांडून बसलेला असतो. बसला खुर्चीत आणि लेखिकेबरोबरचा संसार कसा असतो ते सांगत सुटला. पुरवणीवाल्याला हसून हसून ठसका लागला. जाताना म्हणाला, हे असंच्या असं लिहून द्या दर आठवड्याला. माझ्या कथेचं नावही काढलं नाही.

पानभर मजकुराला मला आठवडा लागतो. हा जेवून उठतो आणि तासाभरात लिहून मोकळा. खोडाखोड नाही, काही नाही. नुसता तिळपापड होतो माझा.

९ सप्टेंबर, रविवार

सकाळीच मैत्रिणीचा फोन. ही बँकेतली, कॉलेजपासूनची. मागची कादंबरी हिला मी हातानं नेऊन दिली होती, ती वाचायला हिला अजून सवड नाही. पण पान चार वाचायला आहे! म्हणे, अगं, तू पेनाची टोपणं खातेस? आणि हसतेय आपली.

म्हणजे हेही छापलं. मागे आंघोळ करताना मी पात्रांचे संवाद म्हणते ते. त्याच्या आधी दूध उतू गेलं ते. घरची लक्तरं वेशीवर टांगतोय आणि लोक टाळ्या पिटतायत. आजपासून टोपण तोंडात घालणार नाही. चावलेली सगळी टोपणं कचऱ्यात टाकून आले. लिही म्हणावं आता काय लिहायचं ते!

१४ सप्टेंबर

नववं प्रकरण अडलंय. नायिका जिन्यात उभी आहे ती उभीच. वर जावं की खाली, तिलाही कळेना, मलाही. खालून कवळ्या घासायच्या मशीनची घरघर. शिवाय शीळ घालतोय! माझं इथं असं अडलेलं, आणि ह्याला शीळ सुचते.

२० सप्टेंबर

वाचनालयात गेले होते. काउंटरवरच्या बाई बघून हसल्या. ओळखलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोण आनंद झाला मला. पदर-बिदर सारखा केला.

म्हणाल्या, 'तुम्ही त्या लेखिकेच्या नवऱ्याच्या मिसेस ना?'

पुस्तक न घेताच घरी आले.

३ ऑक्टोबर, बुधवार

ह्याचा हात भाजला. उकळत्या पाण्यातून साचा काढताना चिमटा सटकला. उजवा हात, मनगटापर्यंत फोड. दवाखान्यात नेलं, मलमपट्टी करून आणलं. लेक रडली, मीही रडले. त्याला धरून जिना चढवताना सदर-बिदर काही डोक्यात नव्हतं, हे इथं लिहून ठेवते.

४ ऑक्टोबर

आज मात्र आलं डोक्यात. पुरवणीवाल्याला मजकूर उद्या हवा. हा म्हणाला, एक रविवार राहू दे. मी म्हटलं, कशाला? मी लिहिते की तुझ्या नावानं. चेहरा असा काही उजळला त्याचा! 'तू? माझं सदर?' दोनदा विचारलं. वाचून दाखवू का म्हटलं, तर नको म्हणाला. माझं सगळं तो छापून आल्यावरच वाचतो, हेही तसंच वाचणार.

मागचे लेख चाळावेत का, असं मनात आलं होतं. छे! सूर काय, ठरलेलाच — बायकोची टिंगल. एका बैठकीत लिहून टाकलं. 'माझी बायको माणसांकडे बघत नाही, त्यांची नोंद घेते. माझी आई तापानं फणफणली तेव्हा हिनं आधी वही शोधली, मग थर्मामीटर. घरातले आम्ही तिघे म्हणजे हिचा कच्चा माल.' असं पानभर. किती दिवसांनी हात असा चालला! आणि तासाभरात, बरं का. त्याच्यासारखाच.

७ ऑक्टोबर, रविवार

मैत्रीण म्हणाली, आजचा सगळ्यांत धारदार. पुरवणीवालाही खूश, साहेब पेटलेत म्हणाला. मला आतल्या आत उकळ्या फुटत होत्या. त्याच्या नावावरही मीच सरस!

लेकीनं मोठ्यानं वाचलं. आज मी नळ बंद ठेवला होता, मुद्दाम. कोणी हसलं नाही.

ह्यानं जेवण झाल्यावर वाचला. डाव्या हातानं पुरवणीची घडी घातली. ती नीट बसेना, परत घातली.

'मी असा बघतो तुझ्याकडे?'

अरे, गंमत, म्हटलं. तो बरं म्हणाला आणि खाली गेला.

८ ऑक्टोबर

दुपारी सासूबाई आणि मी वाटाणे सोलत होतो. शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या, कालचं त्याचं नव्हतं. मी म्हटलं, कशावरून?

'तो तुझ्याबद्दल इतकं वाईट कधी लिहीत नाही.'

लेक ऐकत होती. म्हणाली, आई, तू वाचलंच नाहीस? एकपण? नाही म्हटलं. आजीच्या खाटेखालून तिनं पुरवण्या ओढल्या आणि टोपणाचा लेख काढून वाचायला लागली.

'जबडे ओळखणं हा माझा धंदा. पण एक चावा मी डोळे मिटूनही ओळखेन. डावा सुळा जरा पुढे. हिचं लिखाण अडलं की तो टोपणावर उमटतो. टोपण ताजं चावलेलं दिसलं की मी पोरीला बागेत नेतो, आईला गप्पांत गुंतवतो, मशीन बंद ठेवतो. टोपणं कोरी दिसली की खुशाल मशीन लावतो, शीळ घालतो. म्हणजे आज तिचं बरं चाललंय. मग माझंही बरं चालतं.'

वाचता वाचता लेक हसली, सासूबाई हसल्या. हेच ते खिदळणं! आणि मी टोपणं टाकून दिली होती. तो शीळ घालत होता.

त्याला वाटतंय, मी हे सगळं दर रविवारी वाचलंय. वाचूनही कालचं लिहिलं.

११ ऑक्टोबर

सांगायला म्हणून तीनदा खाली गेले. विजेचं बिल, लेकीचे बूट, गळका नळ यांवर बोलून परत आले.

१४ ऑक्टोबर, रविवार

पुरवणी आज मीच आधी उचलली. पान चार. खालच्या कोपऱ्यात गाद्यांची जाहिरात. सदर बंद केलं म्हणे त्यानं. हात बरा नाही, असं पुरवणीवाल्याला कळवलंय. हात बरा आहे! काल त्याच हातानं अख्खी कवळी पुरी केली. घरात सगळं रीतसर चाललंय — मीठ मागतो, पाणी देतो. शीळ नाही.

हेच तर हवं होतं मला. मग सकाळपासून ती गाद्यांची जाहिरातच का वाचत बसलेय मी?

१५ ऑक्टोबर

नवं पेन काढलं. टोपण चावलं, डावीकडून, चांगलं दाबून. खाली गेले आणि त्याच्या टेबलावर जबड्यांच्या रांगेत ठेवलं. तिथंच उभी राहिले. त्यानं ते उचललं, दिव्याखाली धरून फिरवलं. मशीन बंद केलं.

'अडलंय का गं?'

हो म्हटलं.