वरच्या वावरातली माती

प्रताप नगर, नागपूर

चि. रूपरावले आईचा आशीर्वाद.

आई जित्ती हाय हे विसरला असशील, म्हणून नातीले लिहायले बसवलं. तुह्या बहिणीकडे माह्यं बरं हाय. सूनबाईचे गुडघे कसे हायत?

गावचा धोंडबा संत्री विकाले आला होता. म्हणे, उतारावर माती अडवणाऱ्या धुऱ्याचे गोटे उपसून तू घरापुढं ओटा बांधला. यंदाच्या पाण्यात आपली माती खाली नत्थूच्या वावरात गेली, अन् वर मुरूम उघडा पडला.

तुह्या बापानं अन् मी डोक्यावर गोटे वाहून तो धुरा रचला होता गा. खडकाची माती व्हायले किती पिढ्या गेल्या असतीन! बस आता ओट्यावर ऐटीत.

ओटा फोड, उरली तेवढी माती अडव. नाहीतर मले न्यायले येऊ नको.

तुरीची डाळ मात्र धाडजो. नत्थूकडूनच माग, माती आपलीच हाय.

तुही आई