प्रार्थनेला मार्क

११ ऑगस्ट, सोम.
आजपासून नवा विषय. चारित्र्य. गणित, विज्ञान, मराठी सगळं रांगेत सुरू आहे, पण ज्याच्यासाठी एस्तूला पाचवीनंतर शाळेतून काढून घरी बसवलं, तेच राहून जात होतं. तेरा वर्षं दुसऱ्यांची लेकरं शिकवली मी. आता आपली एकुलती एक.
दर आठवड्याला एक सद्गुण, भिंतीवर खुणांचा तक्ता. या आठवड्यात सत्य. शिवाय प्रार्थनावही: रोज सकाळी नाश्त्याआधी एक प्रार्थना लिहायची, शनिवारी मी तपासणार.
"प्रार्थना पण तपासणार?" एस्तूनं विचारलं. बारा वर्षांची आहे, प्रश्न फार.
म्हटलं, तपासल्याशिवाय सवय लागत नाही बेटा.
खाली घरमालकीण काकूंचा रोजचा सवाल, "काहून वं सुनीता, पोरीले शाळेत काहून नाही धाडत? घरात बसून बसून मुकी होईन ना ते." हसून वर आले. दोन वर्षं झाली, अजून तेच. यांना काय समजावणार.

१६ ऑगस्ट, शनि.
वही तपासली. सोमवारची प्रार्थना अशी: "देवा, आज मला कंटाळा आला आहे. तुला पण येतो का?" बुधवारची: "एक मैत्रीण पाहिजे. मोठी नको, माझ्याएवढी." गुरुवारी फक्त "काही नाही."
ही काय प्रार्थना झाली! लाल पेनानं लिहिलं, "फार त्रोटक. उपकारस्मरण कुठे आहे? दुसऱ्यांसाठी मागणी कुठे आहे?" दहापैकी पाच.
तिनं पाहिलं, वही मिटली. राग येत असेल तर येऊ दे.

२० ऑगस्ट, बुध.
शनिवारपर्यंत धीर धरवला नाही, आजच पाहिली. काय सुंदर लिहिलंय! आईबाबांसाठी आभार, चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी विनंती, देशासाठी, शेवटी स्वतःच्या आळसाबद्दल क्षमा. पान भरून. मी दहापैकी नऊ दिले आणि बाजूला चांदणीचं स्टिकर.
प्र.ला दाखवली. बुटीबोरीच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला होता, डोळे मिटत होते त्याचे. "मस्त आहे," म्हणाला. मग, "तिचंच आहे ना?" मी चिडले. नवरा आहे की तपासनीस!

२३ ऑगस्ट, शनि.
तान्हा पोळा. गल्लीत पोरंटोरं लाकडी बैल घेऊन सजूनधजून. काकूंची नात खाप्याहून आली आहे, एस्तूच्याच वयाची. काकू जिन्यातून ओरडल्या, "एस्तूले धाड वं! माह्या नातीच्या संगं फिरून येईन!"
मी म्हटलं, आमच्यात नाही करत हो काकू. बरोबरच म्हटलं. पण काकूंचा चेहरा पडला.
एस्तू गॅलरीत उभी होती. विचारलं, वाईट वाटलं का गं? "नाही आई. आपण वेगळे आहोत ना." किती समजूतदार! तक्त्यात "समाधान" पुढे खूण केली.
आता लिहिताना वाटतंय, मीच लहानपणी आईजवळ केवढा तमाशा केला असता.

२४ ऑगस्ट, रवि.
उपासनेनंतर स्त्रियांची सभा. देवानं घरात काय केलं त्याची साक्ष द्यायची पाळी माझी. दोन वर्षांपासून मला या बायकांमध्ये बसताना अवघडल्यासारखं होतं. "चांगली नोकरी सोडली, पोरीचं नुकसान करून राहिली" हे माझ्या पाठीमागे चालतं, मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम पर्समध्ये वही नेली होती. एस्तूची प्रार्थना मोठ्यानं वाचून दाखवली.
पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, डोळे पुसले. "सुनीताबाई, तुमचं घर म्हणजे साक्षच आहे हो." दोघीतिघी येऊन हात धरून गेल्या. केवढं बरं वाटलं!
एस्तू मागच्या बाकावर होती. लालबुंद. लाजली असेल, वाटलं.
घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "ती प्रार्थना नव्हती आई. तो होमवर्क होता."

२५ ऑगस्ट, सोम.
गणित झाल्यावर विचारलं, मग खरी प्रार्थना कुठे आहे?
"पहिल्या आठवड्यातल्या खऱ्या होत्या. तू पाच दिले."
आणि आता?
"आता नाही करत."
देवाशी बोलतच नाहीस?
खोडरबर घासत बसली. मग, "बोलायला गेलं की वाटतं, तू वाचून राहिली. मग मी तुला आवडेल तसंच बोलते. मग थांबते."
म्हटलं, बरं, विज्ञानाचं पुस्तक काढ. मूर्ख बाई! त्या क्षणाला विज्ञान!
संध्याकाळी घरची प्रार्थना. आमची रीत आहे, आधी प्र., मग मी, शेवटी एस्तू, आणि तिच्या आमेनवर जेवण. तिची पाळी आली. पंख्याचा आवाज. मी एक डोळा उघडून पाहिलं, तिचे दोन्ही उघडेच. शेवटी प्र.नं सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली, आम्ही तिघांनी म्हटली. तिनेही म्हटली, अगदी स्पष्ट उच्चारात.

२८ ऑगस्ट, गुरु.
सांगून टाकलं, प्रार्थनावही बंद. तक्ताही काढला भिंतीवरून.
"ठीक आहे आई."
हे "ठीक आहे" मला भीती घालतंय. सांगितलेलं सगळं करते. ताट धुते, उलट बोलत नाही, वेळेवर अभ्यासाला बसते. मला जशी हवी होती तशी झाली आहे पोरगी. आणि मला ती आवडत नाहीये. देवा, हे मी लिहिलं? लिहिलं.
रोज रात्री तिची पाळी येते नि तशीच जाते.

३१ ऑगस्ट, रवि.
प्र. म्हणाला, शाळेत टाकू या का तिला? मी भडकले. तू दिवसभर घरी नसतोस, सगळं मी एकटीनं ओढायचं आणि वरून...
तो पण तापला. तापला की त्याचं गाव बाहेर येतं. "अवं, तिले मास्तरीण नाही पाहिजे घरात! आई पाहिजे! तू चोवीस घंटे मास्तरीणच बनून राहिली!"
जेवला नाही. मी पण नाही. एस्तूनं मुकाट्यानं वरणभात वाढून घेतला, खाल्ला, भांडी सिंकमध्ये ठेवली.

२ सप्टें., मंगळ.
तिलाच विचारलं. शाळेत जायचंय का तुला?
"तुला योग्य वाटेल ते."
तुला काय वाटतं?
"दोन्हीचे फायदे आहेत."
ओरडले मी. मला बरोबर उत्तर नको आहे एस्तेर! घर हादरलं असेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं वर्गातली पोरं पाहायची मला, कधी संपतंय म्हणून.
काकू वर आल्या, हातात कोथिंबिरीच्या सांबारवड्यांची ताटली. "लेकरावर काहून ओरडून राहिली वं?" मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. दोन वर्षांत या बाईला मी घरात धड बसू दिलं नव्हतं. त्यांनी ओट्यावरचा लसूण ओढला आणि सोलत बसल्या. अर्धा किलो लसूण सोलून झाल्यावर म्हणाल्या, "तू बी घरात बसून बसून मुकी झाली, सुनीता."
खरं आहे. या शहरात माझ्याशी बोलायला कोण आहे?

५ सप्टें., शुक्र.
शिक्षक दिन. उठले तर टेबलावर भेटकार्ड. "माझ्या आदरणीय शिक्षिकेस." आत सहा ओळी, एकही चूक नाही. मागच्या वर्षी माझं चित्र काढलं होतं, शिंगं लावून, आणि किती हसलो होतो दोघी. आज थँक्यू म्हणाले, ती यू आर वेलकम म्हणाली. बाथरूममध्ये जाऊन रडले.

७ सप्टें., रवि.
आज चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. आपल्या मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करून मग पुढे जायचं, हे मी स्वतः रविवारच्या शब्बाथशाळेत किती पोरांना शिकवलंय. मी बाकावरच बसून राहिले. ओळ पुढे सरकत होती, बायका वळून पाहत होत्या. प्र. खाली मान घालून एकटा गेला.
नंतर स्त्रियांच्या सभेत उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी वाचली ती प्रार्थना माझ्या मुलीची नव्हती. मी मार्क देऊन लिहून घेतलेली होती. तिच्या खऱ्या प्रार्थनेला मी नापासाच्या काठावर ठेवलं. आणि तुमच्यासमोर मान ताठ करायला तिची वही न विचारता आणली.
एकीनं गाण्याचा नंबर सांगितला. पाळकीणबाई निघताना म्हणाल्या, "एवढं सगळं सांगायची काही गरज नव्हती हो." बाकीच्या चपला शोधायच्या गडबडीत. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं.
एस्तू दाराशी उभी होती. ऐकलं की नाही, कळलं नाही. विचारलं नाही.

११ सप्टें., गुरु.
आज घरच्या प्रार्थनेत प्र.नंतर माझी पाळी. रोजचं म्हणायला तोंड उघडलं आणि आलंच नाही. म्हटलं, "प्रभू, मला फार एकटं वाटतं. मला एक पण मैत्रीण नाही. एस्तूची आठवण येते आणि ती इथे समोर बसली आहे. मला तिची बाई होता येतं, आई कशी व्हायचं ते विसरले. तिला शाळेत जायचं असेल तर मी रडेन, पण पाठवीन." एवढंच. आमेनसुद्धा म्हटलं नाही.
एस्तूची पाळी. आम्ही थांबलो.
ती उठली. "मी आत जाते," म्हणाली. खोलीत गेली, दार ओढून घेतलं.
प्र. माझ्याकडे पाहत होता. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. हळू, थांबून थांबून, मध्येच नाक ओढल्याचा. त्या दाराची कडी लागत नाही, दोन पावलं पुढे गेले असते तर शब्द न् शब्द कळला असता. पाठांतर करत असेल. नाहीतर माझी तक्रार. काहीही असेल.
प्र. कुजबुजला, "बोलून राहिली का गं? काय म्हणते?"
मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला.