तीन नावं, अर्थ एकच

बाळाच्या आईस,

मी ठणठणीत आहे. वेल्डिंगचं काम जोरात आहे, डोळ्यांची जळजळही थांबली. आईचा गुडघा काय म्हणतो?

तू कळवलेली नावं पोचली. आयुषी, जीविका, संजीवनी. पोर पोटात होती तेव्हा तर तुला फुलाचंच नाव हवं होतं. अबोली म्हणजे अबोलीच, म्हणून माझ्याशी भांडलीस. मग आता तिन्ही नावांत जगणंच का?

जेवायच्या सुट्टीत फोरमनला यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "माझ्या धाकटीचं नाव आयेशा. त्याचाही अर्थ जगणारी, फक्त अरबीतला. जन्मली तेव्हा महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, म्हणून ठेवलं." मग हळूच विचारलं, "तुझी पोर कुठंय?"

मी म्हटलं, घरी. मग तू पाठवलेला फोटो पुन्हा काढून पाहिला. फोटोत दुपट्यातून नुसतं नाक दिसतं. फोन केला की ती झोपलेलीच. मागे टीं टीं वाजतं, ते घड्याळ म्हणालीस. आपलं घड्याळ मी बंद पडलेलं सोडून आलोय.

नाव तुला हवं ते ठेव. मला फक्त तिचं वजन कळव.

तुझा,
बाळाचा बाबा